मूठभर गव्हाचं पीठ

माझं लग्न ऐन दुष्काळात झालं आणि लग्नानंतर महिन्याभरात सासरच्यांनी मला कुलदेवीला न्यायचं ठरवलं. देवी करमाळ्याची. तिथून सांगोल्याकडे यांच्या मामांच्या गावी जायचं आणि मंगळवेढ्यावरून सोलापूरला परत यायचं. दोन्ही मुक्कामी नव्या सुनेला जेवू घालणार, ओटी भरणार. दुसऱ्या कुणाला याचा आनंद झाला असता. मला एकच काळजी होती, तिथे मला काय वाढतील आणि त्यात काय काय असेल.

लग्नाच्या आधीचं वर्ष मी आजारपणात काढलं होतं. खाल्लेलं अंगी लागत नव्हतं, पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, केस मुठीनं गळायचे. जंतांची औषधं झाली, क्षयाची तपासणी झाली, एका मांत्रिकाचा अंगाराही झाला. शेवटी वडिलांनी पुण्याला नेलं. तिथल्या पोटाच्या डॉक्टरांनी सांगितलं की हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, सातू, सगळं बंद. वडिलांनी विचारलं, "सणावाराला एखादी चपाती?" डॉक्टर म्हणाले, "चपाती लाटलेल्या पोळपाटावरचं पीठसुद्धा नको."

सोलापूरच्या माणसाला गहू सोडणं काय अवघड, असं आम्हाला वाटलं होतं. आमची रोजची भाकरी ज्वारीची. पण त्या वर्षी ज्वारीच उगवली नाही. रेशनवर परदेशी गहू यायचा आणि लाल मिलो यायची. मिलोही ज्वारीच, पण तांबडी, कडवट. ती जनावरांचा दाणा म्हणून ओळखली जायची, आणि ती खातो असं कुणी शेजाऱ्यालाही सांगत नसे. ज्यांच्याकडे थोडी पांढरी ज्वारी होती ते तिच्यात गहू घालून पुरवायचे. गिरणीत तर एकाच दगडाखाली सगळं जायचं. आईनं माळ्यावरचं जातं खाली काढलं आणि कुठूनतरी मिळवलेली शाळू ज्वारी माझ्यापुरती घरीच दळायला सुरुवात केली. सासरी जाताना तिनं मला कडी-कोयंड्याचा पितळी डबा भरून पीठ दिलं आणि सांगितलं, "हा कुणाच्या हातात देऊ नकोस. कुणाच्याच." डबा रिकामा झाला की माहेरून पुन्हा भरून यायचा.

वडिलांनी लग्नाआधी सासऱ्यांना "हिला गव्हाचं पथ्य आहे" एवढं सांगितलं होतं. यांना जरा जास्त माहीत होतं. सासरी मात्र सगळ्यांचा समज असा झाला की कसलंतरी औषध चालू असेल, महिना-दोन महिन्यांत संपेल. तो समज मोडायचं धाडस मला नव्हतं. लग्न झालेल्या मुलीला जन्मभराचा आजार आहे, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

यांच्या मित्राची जीप ड्रायव्हरसकट मिळाली होती. हे पुढे बसले. मागे मी आणि यांची थोरली आत्या. आत्या बार्शीकडच्या खेड्यातली, लहान वयात विधवा झालेली, भावाच्या मुलांवर आईइतका हक्क सांगणारी. देवीचे रीतिरिवाज तिला माहीत, म्हणून तिला बरोबर घेतलं होतं. बोलायची कमी, बघायची फार. मी डबा मांडीवर घेऊन बसले तेव्हा तिनं विचारलं, "त्यात दागिनं हाईत व्हय?"

"पीठ आहे, आत्या. पथ्याचं."

"पथ्य म्हंजी किती दिस?"

"डॉक्टरांनी सांगितलं नाही," मी म्हणाले. ते खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे तिला कळलंय असं मला तिच्या बघण्यावरून वाटलं.

टेंभुर्णीला दुपार झाली. रस्त्याकडेच्या एका खानावळीत आम्ही उतरलो. बांधून आणलेलं खायचं माझ्या मनात होतं, पण यांनी आधीच मालकाला विचारलं होतं, "नुसत्या ज्वारीची भाकरी मिळेल का?" मालक छातीवर हात ठेवून म्हणाला, "निव्वळ शाळू. घरची."

त्या वर्षी घरची शाळू असलेला माणूस खानावळ कशाला चालवेल, असं माझ्या मनात आलं. भाकरी आली. पांढरी, फुगलेली, दिसायला सुरेख. मी एक तुकडा मोडून बघितला. ज्वारीची भाकरी मोडताना तुटते, कडेला चिरा जातात. ही तुटली नाही, ताणली गेली. बोटांमध्ये ओढला तसा तुकडा थोडा लांबला आणि मग सुटला. मी तो ताटात ठेवला आणि हात मागे घेतला.

मालक बघत होता. "काय झालं?"

"यात गहू आहे," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला असावा, कारण शेजारच्या बाकावरच्या दोघांनी आपापल्या भाकऱ्या उलटसुलट करून पाहिल्या.

मालकाचा चेहरा बदलला. यांच्याकडे वळून तो हळू आवाजात म्हणाला, "तुमी सरकारी हाय का? रेशनिंगवालं? आदीच सांगायचं की, साहेब."

"नाही हो, मंडळींना गहू चालत नाही," हे म्हणाले.

"गहू चालत न्हाय?" मालकानं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. हळदीच्या अंगाची, हिरव्या चुड्याची नवी नवरी, आणि तिला गहू चालत नाही. त्याचा काही विश्वास बसला नाही. आमचं जेवण होईपर्यंत तो गल्ल्यावरून हलला नाही, आणि आतल्या बाईनं पिठाची परात उचलून मागच्या दाराबाहेर नेलेली मी पाहिली.

जीपमध्ये बसल्यावर आत्या म्हणाली, "चारचौगांत नवऱ्याला खाली बघायला लावलंस."

करमाळ्याला पोचलो ते ऊन कलल्यावर. कमळाभवानीच्या देवळात गर्दी नव्हती. दर्शन झालं, ओटी भरली, आणि पुजाऱ्यानं आमच्या हातांवर प्रसादाचा शिरा ठेवला. साजूक तुपातला, रव्याचा. मी तळहाताकडे बघत राहिले. नको म्हणायची सोय नव्हती. देवीचा प्रसाद, तोही पहिल्या दर्शनाचा. मी हात तोंडाजवळ नेला, ओठ हलवले, आणि तोंड पुसायचं निमित्त करून शिरा पदराच्या टोकात घेतला. वळले तर आत्या खांबाला टेकून माझ्याकडेच बघत होती.

ती काही बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

मुक्काम यांच्या चुलत भावाकडे होता. त्यांच्या बायकोनं, म्हणजे माझ्या जाऊबाईंनी, अशा वर्षातही पुरण घातलं होतं. रेशनचा गहू साठवून त्यांनी पोळ्यांची तयारी केली होती, माझ्यासाठी. मी म्हणाले की मला पथ्य आहे, माझी भाकरी मी करून घेते, आणि तवा आधी घासून घेऊ का. जाऊबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"आमचा तवा चालत न्हाय व्हय?" जाऊबाई म्हणाल्या.

"तसं नाही, वहिनी. तव्यावर पोळी भाजलीय ना, म्हणून."

"मग? आमची पोळी काय परक्या जातीची हाय?"

मी समजावू लागले तसं आणखी बिघडत गेलं. दारात उभ्या शेजारणीनं माझ्या पोटाकडे बघून विचारलं, "दिवस गेल्यात का?" दुसरी म्हणाली, "वाळलीया बगा किती. नक्की पोटाचंच हाय न्हवं, का छातीचं?" छातीचं म्हणजे क्षय. जाऊबाईंनी आपली लहान मुलगी माझ्या मांडीवरून हळूच उचलून नेली. मी त्यांच्या जागी असते तर मीही उचलली असती.

राखेनं तवा घासून, बाजूला तीन दगडांची चूल मांडून मी माझी भाकरी केली आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ली. निघताना त्यांनी माझी ओटी भरली, ती गव्हानंच. देवळातलाही गहू, जाऊबाईंचाही गहू. पदर जड झाला. आत्या म्हणाली, "ओटीचं धान्य टाकता येत न्हाय." तिनं ते गाठोड्यात बांधलं. गाठोडं जीपमध्ये माझ्या डब्याला लागून राहू नये म्हणून मी मध्ये माझी वळकटी सरकवली. तेही तिनं पाहिलं.

पण हे निघतानाचं. त्याआधी सकाळी जे झालं ते सांगायला हवं. सकाळी आत्या माझ्याआधी उठली होती. मला म्हणाली, "तू शेजारणीसंगं देवीला येकदा जाऊन ये. वाटंतल्या भाकरी मी बडवते. तुज्याच डब्यातल्या पिठाच्या. तवा बी घासते." पहिल्यांदाच ती माझ्याशी इतकं सरळ बोलली होती. आईचं सांगणं मला आठवत होतं. पण आदल्या दिवशीचा तवा, तो शिरा, ती उचलून नेलेली मुलगी, हे सगळं अंगावर ओझ्यासारखं होतं. आता हिलाही नाही म्हटलं तर मी त्या घरात कुणाची उरणार नाही, असं वाटलं. मी तिच्या हातात डबा दिला.

देवळातून परत आले तेव्हा भाकऱ्या फडक्यात बांधून तयार होत्या. हे चौकटीला टेकून चहा पीत होते. आत्या परात धूत होती.

आम्ही परत टेंभुर्णीवरून पंढरपूरकडे निघालो. वाटेत एका विहिरीपाशी थांबून खाल्लं. विहिरीला पाणी नव्हतं, पण सावली होती. भाकरी मऊ होती. नेहमीपेक्षा फार मऊ. मी थांबले.

"उकड काडून केल्यात," आत्या माझ्याकडे न बघताच म्हणाली.

उकड काढली की भाकरी मऊ होते, हे खरं आहे. मी स्वतःला रागावले. खानावळवाल्यावर संशय, जावेवर संशय, आता देवीला नेणाऱ्या आत्यावर संशय. असं आयुष्य कसं जाणार? मी शेंगाचटणीबरोबर अख्खी भाकरी खाल्ली.

पंढरपूर मागे पडलं आणि सांगोल्याच्या रस्त्यावर माझ्या पोटात पहिली कळ आली. ती कळ मला ओळखीची होती. मी दोन्ही हातांनी जीपचा दांडा धरला. थोड्या वेळानं सांगावंच लागलं. ड्रायव्हरनं जीप कडेला घेतली आणि मी उतरून बाभळीच्या आड धावले. परत आले, बसले, पुन्हा उतरले. तिसऱ्या खेपेला उलटी झाली आणि मी तिथेच मातीत बसले. तेवढ्यात जीपचंही पाणी उकळलं. ड्रायव्हर बॉनेट उघडून म्हणाला, "साहेब, आता घंटाभर तरी गाडी हलत नाय. भाभीला सावलीत बसवा."

मातीत बसल्या बसल्या मी एकेकाला आठवत होते. आदल्या दिवशीचा खानावळवाला नाही, त्याचं मी खाल्लंच नव्हतं. पदरातल्या शिऱ्याचा कण हाताला राहिला असेल का? जाऊबाईंनी रागानं तव्यावर काही टाकलं असेल का? ड्रायव्हरनं दिलेलं पाणी? हे मला उठवायला आले तेव्हा मी त्यांच्याही हातांकडे बघितलं.

त्या रस्त्याचं काम चालू होतं. दुष्काळी काम. थोड्या अंतरावर बायका खडी फोडत बसल्या होत्या, काठ्यांवर गोणपाट टाकून सावली केलेली. त्यांच्यातली एक वयस्क बाई उठून आली, तिनं मला दंडाला धरून गोणपाटाखाली नेलं आणि तांब्यातलं पाणी तोंडावर मारलं. "नवी नवरी दिसतीया," ती दुसरीला म्हणाली, "उनाचं बाधलं."

मी तिथे आडवी झाले. कळा हळूहळू ओसरल्या, आणि मग अंगातलं सगळं गेल्यावर लागते तशी पोखरणारी भूक लागली. बायकांची जेवणाची सुट्टी झाली. त्या बाईनं मला आधी सुकडी देऊ केली, कामावर वाटतात ती.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"गहू, गूळ."

मी मान हलवली. "तुमची भाकरी कशाची आहे?"

बाईचा हात आपल्या फडक्यावर गेला. दुसरी म्हणाली, "तुमाला काय करायचंय?" आणि मी पाहिलं की गोणपाटाखालच्या सगळ्या बायकांनी आपापली फडकी पुन्हा बांधायला घेतली आहेत. तेवढ्यात मुकादम लगबगीनं आला. जीप पाहून आला होता. त्यानं यांना नमस्कार केला आणि न विचारताच सांगायला लागला की सुकडी रोज वाटली जाते, साहेब, कुणालाबी विचारा. बायका खाली बघत होत्या. जीपमधून उतरलेली, सुकडीत काय आहे आणि भाकरी कशाची आहे हे विचारणारी बाई म्हणजे कुणीतरी तपासायला आलेली, असं त्यांना वाटलं असलं तर नवल नव्हतं.

"आम्ही सरकारी नाही," हे म्हणाले. तसं त्यांना त्या प्रवासात दुसऱ्यांदा सांगावं लागत होतं, आणि दुसऱ्यांदाही कुणी मानलं नाही.

मी त्या वयस्क बाईलाच म्हणाले, "मावशी, मला गहू खाल्ला की असं होतं. तुमची मिलोची असेल तर अर्धी भाकरी द्या."

मिलो हा शब्द ऐकून ती लाजली. "तुमी खायाची न्हवं ती," ती म्हणाली. "जनावरं खात्यात."

"मला तीच पाहिजे."

तिनं फडकं सोडलं. भाकरी विटेच्या रंगाची होती, जाड आणि कडक. मी ती मोडली. ती कोरडी, खडबडीत तुटली, आणि तिचा भुगा मांडीवर पडला. मी सावकाश चावून खाल्ली. कडू लागत होती. वर एक कांदा तिनं बुक्कीनं फोडून दिला. मी सगळी भाकरी संपवली.

आत्या एवढा वेळ गोणपाटाच्या कडेला उभी होती. दुष्काळ पडल्यापासून तिच्या घरातही मिलो आली होती, पण ती तिनं गुरांपुढे टाकली होती, स्वतः उपाशी राहिली होती. हे मला यांनी सांगितलं होतं. ती पुढे येऊन माझ्यासमोर बसली.

"गव्हाचं पीठ म्याच घातलं हुतं," ती म्हणाली.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सकाळी. मूठभर. तू देवळात गेल्याव. देवीचा परसाद पदरात टाकणारी पोर, खरंच आजारी हाय का ढोंग हाय, ह्ये डोळ्यांनी बघितल्याबिगर कसं मानायचं? आमच्या पोराच्या गळ्यात काय बांदलंय, आमाला कळाय नगं?"

हे म्हणाले, "आत्या." एवढंच म्हणाले.

मला रडू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच प्रश्न आला. "भाकरीच्या पिठात घातलंत की डब्यात?"

तिनं डब्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "डब्यात. पुन्ना सांगोल्यात बी बघाव म्हनलं."

म्हणजे आईनं रात्री बसून दळलेला अख्खा डबा गेला. पुढचा मुक्काम बाकी होता, आणि माझ्याजवळ खायला काही उरलं नव्हतं. मी आत्याकडे पाठ केली. त्या वयस्क बाईला विचारलं, "मावशी, तुमच्याकडे मिलोचं पीठ आहे का? त्याच्या बदल्यात हे शाळूचं घ्या."

बाईनं डब्यात डोकावून पाहिलं. पांढरंशुभ्र पीठ. कित्येक महिन्यांत तिनं असं पीठ पाहिलं नसेल. पण तिनं हात पुढे केला नाही. तिनं बाकीच्या बायकांकडे पाहिलं. एक जण म्हणाली, "असलं पीठ दिऊन मिलो कोन मागतंय? काय घातलंय त्यात?"

"गव्हाचं पीठ मिसळलंय मूठभर, बाकी काही नाही," मी म्हणाले.

"मग तुमीच का खाईना?"

सांगून झालं होतं, आणि ते त्यांना पटलं नव्हतं. मला तरी कुठे कुणाचं पटत होतं? तेव्हा आत्या उठली. तिनं डब्यात हात घातला, चिमूटभर कोरडं पीठ उचलून सगळ्यांच्या देखत तोंडात टाकलं आणि वरून पाणी प्यायली. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "घ्या. माज्या हातनं बिगाडलंय ते हिच्यापुरतं. तुमाला काय बी हुनार न्हाय. देवीची आन."

बाई तरीही थोडा वेळ आत्याकडे बघत राहिली, तिला काही होतंय का ते पाहत. मग ती आणि आणखी दोघी रस्त्यापलीकडच्या आपल्या पालांकडे गेल्या आणि तांबडं पीठ गोळा करून आणलं. मी डबा पाण्यानं धुतला, कोरडा पुसला, उन्हात ठेवला, मग त्यात ते भरलं. या वेळी आत्या मदतीला पुढे आली नाही. लांब उभी राहिली.

जीप निघाली. ड्रायव्हर अधूनमधून आरशात बघायचा. सांगोल्याच्या अलीकडे आत्या म्हणाली, "तितं काय सांगनार हायस?"

"खरं तेच."

"खरं सांगून करमाळ्यात काय झालं, बघितलंस की."

मामांचं घर गावाबाहेर, वाड्यात मेंढरं. चारा नसल्यानं निम्मी विकलेली. मामींनी तिथेही चपात्यांची कणीक मळून ठेवली होती. त्यांनी मला पाट दिला आणि मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "हिला गहू वाडू नगंस. देवीचा नवस हाय. गहू शिवायचा न्हाय, गव्हाच्या भांड्यातलं खायाचं न्हाय. तवा बी येगळा."

मामींनी लगेच हात जोडले. कुणी पोटाकडे बघितलं नाही, कुणी छातीचं विचारलं नाही. मामींनी स्वतः राखेनं तवा घासला, माझ्या डब्यातलं तांबडं पीठ बघून एकदाच थबकल्या, आणि मग म्हणाल्या, "लई कडक नवस धरलाय पोरीनं." त्यांनी भाकरी थापेपर्यंत आत्या शेजारी बसून होती. परात कशानं पुसली, पाणी कुठल्या तांब्यातलं घेतलं, हात धुतले का, सगळं विचारत होती. मामी एकदा वैतागून म्हणाल्या, "आत्याबाई, माज्यावर इस्वास न्हाय व्हय?"

"न्हाय," आत्या म्हणाली.

देवीच्या नावानं खोटं बोलणं मला पटलं नव्हतं. हेही अस्वस्थ होते. पण मी तिथे दोन्ही वेळा पोटभर जेवले आणि मला काही झालं नाही.

सोलापूरला परतल्यावर सासूबाईंना नवसाची गोष्ट कळली तेव्हा त्यांचा चेहरा कडक झाला. "मला न विचारता कसला नवस? कशासाठी?" त्यांना वाटलं की आम्ही तिघं मिळून काहीतरी लपवतोय. ते खरंच होतं. त्या संध्याकाळी आत्यानं त्यांना आत नेऊन सगळं सांगितलं, स्वतः पीठ मिसळल्यासकट. सासूबाई बाहेर आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जन्मभर?"

"हो."

"तुझ्या वडिलांनी हे सांगायला हवं होतं."

"हो," मी म्हणाले. कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. मग एक दिवस त्यांनी बाजारातून टाकी लावून दळायला तयार केलेलं नवं जातं आणवलं आणि न बोलता माझ्या खोलीबाहेर ठेवलं. बाहेरच्यांना मात्र त्या पुढे कित्येक वर्षं नवस असंच सांगत राहिल्या. नवस कशाचा, असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "तो बोलून दाखवायचा नसतो."

आत्याला आम्ही बार्शीच्या एसटीत बसवून दिलं. खिडकीतून ती मला म्हणाली, "माज्यावर इस्वास ठिवू नगंस. कुनावरच ठिवू नगंस. खाताना बगून खात जा." मी तिला वाकून नमस्कार केला नव्हता, ते गाडी सुटल्यावर लक्षात आलं. मुद्दाम केला नव्हता की विसरले होते, हे मला तेव्हाही नक्की सांगता आलं नसतं.

घरी येताना रिक्षात मी यांना विचारलं, "त्या सकाळी तुम्ही चौकटीत चहा पीत उभे होतात. आत्यांनी डब्यात पीठ घातलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना?"

हे रस्त्याकडे बघू लागले. "मी नंतर आलो," ते म्हणाले. "मला काही दिसलं नाही."

मी मान डोलावली. आमच्या संसाराला आता इतकी वर्षं झाली, मुलं झाली, त्यांची लग्नं झाली. हे माणूस म्हणून फार चांगले आहेत आणि माझ्या खाण्यापिण्याची काळजी यांच्याइतकी कुणी घेतली नाही. त्या सकाळी यांनी खरंच काही पाहिलं नव्हतं, असं मी बहुतेक दिवस मानते.